आईला परवडेल का

९ ऑक्टोबर

न बोलणाऱ्या माझ्या लेकास,

सोबत आशीर्वाद पाठवते आहे. राग जाईपर्यंत बाजूला ठेवलेस तरी चालेल, ते नासत नाहीत.

फोन तू उचलत नाहीस आणि सूनबाई दर वेळी ‘ते जरा कामात आहेत’ म्हणते. विम्याच्या कचेरीत इतकी कामे कधीपासून असायला लागली? बिचारीला खोटे बोलायची सवय नाही, आवाज पडतो तिचा. म्हणून हा कागद. फोन कापता येतो. पत्र फाडायचे झाले तरी आधी हातात घ्यावे लागते.

तर तुझ्या हिशोबाबद्दल. मी निघण्याआधी तू जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून माझे इथले सगळे जगणे मांडलेस. भाडे, बस, दूध, वीज, डॉक्टर, कपडे. आणि म्हणालास की पगार चौथ्या महिन्यापासून पुरणार नाही, आई, तुला परवडणार नाही. मी तरीही सत्तावन्नाव्या वर्षी बॅग भरली, आणि तू विमानतळावर माझ्याऐवजी सामानाच्या ट्रॉलीशी बोललास. आता दीड महिना झाला, म्हणून सांगते. भाड्याचा तुझा आकडा बरोबर निघाला. विजेचाही जवळपास. दुधाचा मात्र साफ चुकला. रोज एक लिटर दुधाचे मी एकटी काय करू, आंघोळ?

खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. एक पलंग, एक टेबल, भिंतीला लावलेले बेसिन. खिडकीतून समोरच्या लाँड्रीची मागची बाजू दिसते. तिथून दिवसभर साबणाचा वास येतो, त्यामुळे केर काढायचा राहिला तरी खोली स्वच्छ वाटते. घरमालकीण तळमजल्यावर राहते. ती निवृत्त बस ड्रायव्हर आहे. जिन्यात कुणी वाट अडवून उभे राहिले तर हॉर्न दिल्यासारखी खाकरते.

लॅबमध्ये आम्ही तिघे आहोत. मालक, साचे ओतणारा प्लास्टरवाला आणि कवळ्या करणारी मी. आपल्या दातांच्या डॉक्टरांच्या मागच्या खोलीत तीस वर्षे जे केले तेच करते, मेणात एकेक दात बसवायचा, लांबून बघायचा, पुन्हा काढायचा. फरक एवढाच की तिथे यंत्र आले तेव्हा माझे टेबल हलवून त्या जागी फ्रीज ठेवला गेला, आणि इथे हाताने कवळी करणारे कुणी उरले नाही म्हणून मला तिकीट काढून बोलावून घेतले. खरे सांगायचे तर मला जरा शिष्टपणा चढला आहे.

आता मुद्द्याचे. करार सहा महिन्यांचा आहे. जानेवारी संपायच्या आत मालकांना सांगायचे की पुढची तीन वर्षे राहणार की परत जाणार. मी अजून काही बोलले नाही, आणि तुझ्या तोंडून काहीतरी ऐकल्याशिवाय बोलणारही नाही. परवानगी मागते आहे असे समजू नकोस. ती सवय तुझे बाबा गेल्यावर सुटली. पण तू तोंडात मूग धरून बसलास आणि मी इथे तीन वर्षे काढली, तर ती माझ्या अंगी लागणार नाहीत.

जाता जाता एक आनंदाची बातमी. तुझ्या हिशोबातली बस मी वाचवली आहे. रोज चालत जाते.

आई

२ नोव्हेंबर

चि. मौनीबाबांस,

सूनबाईने कळवले की पत्र पोचले, तू ते वाचलेस आणि काही न बोलता बॅगेत टाकलेस. चला, कचेरीत वाचायला काहीतरी झाले.

इथे आल्यापासून मला गुणाकाराचा रोग जडला आहे. दुकानात काहीही उचलले की मनातल्या मनात त्याचे आपल्याकडचे पैसे करते आणि परत ठेवून देते. एका कोबीच्या गड्ड्याचा गुणाकार केला तर आपल्याकडे आठवड्याची भाजी आली असती. दुकानदाराला वाटत असेल, ही बाई भाज्यांना नुसता हात लावायला येते. केस कापायचा दर वाचून मी दारातूनच मागे फिरले आणि लॅबमधल्या कात्रीने स्वतःच कापले. दुसऱ्या दिवशी प्लास्टरवाल्याने माझ्याकडे बराच वेळ बघितले आणि आपली टोपी काढून मला देऊ केली. तो कमी बोलतो, पण अपमान करायला त्याला शब्द लागत नाहीत.

त्याच आठवड्यात माझी कवळी परत आली. तीस वर्षांत माझी कवळी परत आलेली नाही, तुला माहीत आहे. वाटले, घ्या, सहा महिने कसले, हे आपल्याला सहा आठवड्यांत घरी पाठवतात. ज्या म्हाताऱ्या गृहस्थांची ती होती ते स्वतः आले होते. मी आपल्याकडे करतात तशीच केली होती, पांढरीशुभ्र, सगळे दात एका रांगेत, फोटोत झळकतील असे. त्यांनी ती माझ्या टेबलावर ठेवली आणि सांगितले की दात फार सुंदर आहेत, पण माझे नाहीत. मग खिशातून स्वतःचा तरुणपणचा फोटो काढला. पुढच्या दोन दातांत ही एवढी फट आणि बाजूचा सुळा दुसऱ्यावर चढलेला. म्हणाले, हे हवेत.

आपल्याकडे मी अशी कवळी दिली असती तर गिऱ्हाइकाने डॉक्टरांच्या अंगावर फेकली असती. इथे दात वाकडा बसवायचे वेगळे पैसे पडतात. मी त्याचाही गुणाकार केला, घाम पुसला आणि मुकाट्याने सुळा वाकडा केला. सरळ बसवण्यापेक्षा ते फार अवघड निघाले. हात आपोआप दात नीट करायला जातो, त्याला दर वेळी आवरावे लागते.

चौथ्या दिवशी ते पुन्हा आले. कवळी बसवली, आरशात पाहिले आणि बाहेरच्या बाकावर बसलेल्या बायकोला हाक मारली. तिने आत येऊन त्यांच्याकडे पाहिले आणि हनुवटीला धरून त्यांचे तोंड उजेडाकडे वळवले. मग हसत बसली. मी मेणाची सुरी पुसायचे निमित्त करून खाली बघत राहिले. मला फार बरे वाटले. तुझ्या बाबांच्याही पुढच्या दाताचा कोपरा उडालेला होता, आठवतो?

आता वाकडे दात सगळे माझ्याकडे येतात. मालकांनी पगार वाढवलेला नाही, पण खिडकीजवळचे टेबल दिले आहे. चिंगीला सांग, आजी चांगले दात बिघडवायचे काम करते. तिला ते आवडेल.

आई

२८ नोव्हेंबर

चि. लेकास, निरोप मिळाला.

आधी तुला हसू येईल असे सांगते. चालत जाऊन बसचे पैसे वाचवल्याची मी शेखी मिरवली होती ना? घरून आणलेल्या बुटांनी या रस्त्यांपुढे मान टाकली. डाव्याचा तळ मधोमध फाटला आणि पाणी आत. नवे घ्यायला गेले, किंमत बघून डोळे पांढरे झाले. तेवढ्या पैशांत मी तीन महिने बसने फिरले असते, तेही खिडकीशी बसून. तेव्हा इथे तू जिंकलास. पण एवढ्या किमतीचे बूट घेतलेच आहेत तर ते वसूल व्हायला हवेत, म्हणून अजूनही चालतेच आहे.

आता तुझा निरोप. तीन महिन्यांनी पहिल्यांदा काहीतरी बोललास, तेही सूनबाईच्या तोंडून. आईला विचार, अशाने तीन वर्षांत शिल्लक काही पडणार नाही, मग राहून मिळवणार काय?

प्रश्न रास्त आहे. शिल्लक फारशी पडत नाही हे खरे, मी उगाच फुगवून सांगणार नाही. उत्तर देते, आणि तू रागावू नकोस, कारण मी रागाने लिहीत नाही.

डॉक्टरांकडचे काम सुटले तेव्हा मी दुसरीकडे बघते म्हणाले होते. तू नुकताच कचेरीतून आला होतास, चिंगी तुझ्या मांडीवर होती. तू म्हणालास, “आई, तुला आता खर्च तरी काय आहे? आम्ही आहोत ना.” तुझी मावशी तिथे बसली होती, तिचे डोळेच भरून आले. असा मुलगा मिळायला नशीब लागते, असे तिने नंतर चार घरी सांगितले. मलाही ते पटत होते. तू प्रेमाने म्हणाला होतास, त्यात तिळभर खोट नव्हती.

पण त्या दिवसापासून माझा खर्च खरोखरच कमी व्हायला लागला. चष्म्याची काच तडकली, तर त्यातूनच बघायचे, कशाला उगीच. मैत्रिणी दोन दिवस कुठे निघाल्या की माझे गुडघे दुखायचे. दुसऱ्या वेळचा चहा अर्धा. कुणी मला नको म्हणत नव्हते रे, मीच म्हणत होते. खर्च नसलेले माणूस घरात कसे वावरते ते तुला दिसले नसेल, कारण ते कुणाच्या मध्ये येत नाही. सूनबाईने भाजी काय करू विचारले तरी मी ‘काहीही कर’ म्हणायचे. मला खरेच काही सुचायचे नाही.

इथे मला खर्च आहे. पहिल्या तारखेला घरमालकिणीच्या हातावर भाडे ठेवते. ती नोटा दोनदा मोजते, मग समोर बसवून कॉफी देते आणि नळ गळतो का, पलंग कुरकुरतो का, सगळी चौकशी करते. मी ऐटीत तक्रारी सांगते. नवा चष्मा केला, गुणाकार न करता. शनिवारी लाँड्रीच्या कोपऱ्यावर एकजण फुले घेऊन बसतो, त्यातली एक जुडी घेते आणि बेसिनवरच्या पेल्यात ठेवते. तुझ्या हिशोबात फुले नव्हती, असायचे कारणही नाही. महिनाअखेर हात आखडता घ्यावा लागतो, चार दिवस बटाटे आणि पावावर निघतात, आणि तरी मी सुखात आहे. मिळवणार काय विचारतोस तर हे.

आणि माझ्या जाण्याचा तुलाही खर्च आला हे मला कळते. चिंगीचे पाळणाघर, तिथले पैसे, सकाळची तारांबळ, सूनबाईचे न जेवता निघणे. मी होते तेव्हा ते सगळे आपोआप व्हायचे, म्हणून कधी मोजले गेले नाही. मीही मोजले नाही. ते जड जात असेल तर तसे स्पष्ट लिही, मी त्याचा विचार करीन, अगदी मनापासून करीन. पण मला परवडत नाही असे मात्र म्हणू नकोस.

आई

२० डिसेंबर

चि. लेकास,

या वेळी थोडेच लिहिते. लॅबला चार दिवस सुट्टी आहे, म्हणून खोलीतच आहे. तब्येत उत्तम. खाणेपिणे व्यवस्थित.

घरमालकीण रोज वर येऊन बसते, सूप आणते आणि मी संपवेपर्यंत हलत नाही. तिच्या बसच्या गोष्टी ऐकाव्यात. एकदा मुलीशी भांडून कामावर आली आणि त्या तंद्रीत भरलेली बस भलत्याच रस्त्याला नेली. प्रवासी इतके सभ्य की शेवटचा थांबा येईपर्यंत कुणी ब्र काढला नाही. मी म्हटले, आमच्याकडे पहिल्याच वळणावर तुझी खरडपट्टी निघाली असती. मुलगी आता बोलते का, असे विचारले. म्हणाली, बोलते की, पण कशामुळे बोलायला लागली ते दोघींनाही आठवत नाही. मला हे ऐकून बरे वाटले.

परवा सूनबाईशी फोनवर जरा तुटक बोलले. तिला म्हणावे, मनाला लावून घेऊ नकोस, दुसरे काही कारण नव्हते. मालकांना उत्तर द्यायला महिना राहिला आहे. सुट्टी लागेपर्यंत ते रोज माझ्याकडे बघत होते आणि हवापाण्यावर बोलत होते.

आई

१७ जानेवारी

माझ्या लेकास,

पाय बरा आहे. आता लपवण्यासारखे काही उरलेच नाही, म्हणून सुरुवात त्याच्यापासून करते.

डिसेंबरात लॅबला सुट्टी नव्हती, मला होती. रात्री बर्फ पडून गेले होते. मी ते किमती बूट घालून ऐटीत निघाले आणि लाँड्रीच्या दारातच सपशेल आडवी झाले. घोटा टम्म सुजला. प्लास्टरवाल्याने गाडीत घालून दवाखान्यात नेले. हाड मोडलेले नाही, प्लास्टर नको, नुसत्या पट्टीवर भागेल, असे डॉक्टर म्हणाले तेव्हा मला हायसे वाटले आणि प्लास्टरवाला थोडा हिरमुसला. दोन दिवसांनी व्हिडिओवर सूनबाईशी बोलताना माझ्या हातून फोन निसटला आणि उशीवर ठेवलेला पट्टीचा पाय तिला दिसला. मी तिच्याकडून वचन घेतले की तुला सांगायचे नाही. महिनाभर तिने ते पाळले, तिच्या मानाने पुष्कळच झाले. तिला काही बोलू नकोस.

परवा तुझा फोन आला. साडेचार महिन्यांनी तुझा आवाज ऐकला, आणि तू ओरडलास. ओरड म्हटले, गप्प बसण्यापेक्षा कितीतरी बरे. बस, बूट, बर्फ, माझे वय, माझा हट्ट, तू एकेक काढत गेलास आणि मी ‘हो रे, हो’ म्हणत राहिले. मग एकदम थांबलास. आणि तू म्हणालास,

“बाबांच्या वेळी मी एका रात्रीच्या अंतरावर होतो, तरी वेळेत पोचलो नाही. तुला तिथं काही झालं तर मला दोन दिवस लागतील. त्याचा खर्च मी कशात धरू, आई?”

बाबा गेले तेव्हा तू कचेरीच्या प्रशिक्षणाला बाहेरगावी होतास. सकाळी घरात शिरलास तोवर सगळे आटोपले होते. नऊ वर्षांत त्याबद्दल तू एक अक्षर काढले नाहीस आणि मीही विचारले नाही. वाटायचे, कशाला खपली काढा. मी समजत होते की तू माझे दूध आणि माझी बस मोजतो आहेस. तू ते दोन दिवस मोजत होतास. ते कुठेच मांडता येईनात म्हणून दुधाचा आकडा वाढवत होतास. हे कळले आणि मला रडू आले. फोनवर तुला कळू दिले नाही, आता सांगते.

फोननंतर विचार केला तो लिहिते. ते दोन दिवस मला कमी करता येणार नाहीत. घरमालकिणीला आणि प्लास्टरवाल्याला तुझा नंबर दिला आहे. खुट्ट झाले तरी पहिला फोन तुला येईल, मी नको म्हटले तरी. बसचा पास काढला. मालकांना सांगणार आहे की दरवर्षी सलग एक महिना मी घरी जाईन, हवा तर त्या महिन्याचा पगार कापा. माझ्या हातात एवढेच. तरीही तुला धाकधूक राहणार, आणि संध्याकाळी इथल्या एका पाळणाघरासमोरून जाताना मला चिंगी आठवणार. मी परत आले तर तुझी धाकधूक जाईल हे मला कळते. परत आल्यावर माझे काय होईल तेही आता तुला ठाऊक आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांची वजाबाकी मला जमत नाही.

फोनवर यातले मी काहीच बोलू शकले नाही. मग तू विचारलेस, आवाज असा का येतो आहे, थंडी वाजते आहे का. मी म्हटले, छे, अंगात स्वेटर आहे की. तू म्हणालास, हीटर बंद ठेवला आहेस ना? बापासारखाच आहेस, बरोबर तिथेच बोट ठेवतोस. मी म्हटले, लावते झोपताना, फार वीज खातो तो, उगीच कशाला आतापासून.

“आत्ता लाव. मी फोन धरून आहे.”

लंगडत गेले आणि लावला. तो सुरू होताना बराच वेळ टकटक करतो. ती टकटक थांबेपर्यंत तू फोन धरून होतास. मग म्हणालास,

“रोज लावायचा. बिल किती यायचं ते येऊ दे.”

तेवढ्यात चिंगी उठली आणि तू फोन ठेवलास. राहा म्हणाला नाहीस, परत ये असेही म्हणाला नाहीस. पण माझे काम सुटल्यापासून पहिल्यांदा तू मला खर्च कर म्हणालास, आणि तो इथला. मला तेवढे पुष्कळ आहे. उद्या सकाळी मालकांना तीन वर्षांसाठी हो सांगते.

खोली छान तापली आहे. स्वेटर काढून लिहिते आहे.

तुझी आई